गाडीत रेंज येते

८ डिसेंबर, सोमवार

तीन महिने झाले, काही लिहिलेलं नाही. ही वही गणपतीत घेतली, पहिल्या पानावर नाव घातलं, खाली "आजपासून रोज" असं ठसठशीत लिहिलं, आणि दुसरं पान आज उघडतोय. कारण असं काही नाही. रोज वाटायचं उद्या बसू. पेन सापडलं तर वही सापडायची नाही. आज गादीवरचं खोकं उचललं तर खाली दोन्ही!

खोक्यात गाडीचा नवा स्टिरिओ आहे.

गाडी माझी. बारा वर्षांची एसयूव्ही. उन्हाळाभर मलिहाबादला एका आंब्याच्या बागेत राबलो, त्याबद्दल बागवाल्यानं ही दिली. दसेरीच्या पेट्या वाहून वाहून आतून अजून गोड वास येतो. मागच्या सीटवर चिकाचे काळे डाग. इंजिन ठीक. स्टिरिओ मात्र कंपनीतून आलेला तोच. सीडी आत घेतो, परत देत नाही. रेडिओवर एकच स्टेशन, तेही गोमती नदी ओलांडली की जातं. मला या गाडीतून वर पहाडात मुनस्यारीला जायचंय, मग तिथून पुढं कुठंही. पण गाण्याशिवाय एवढा घाट कोण चढणार. तेव्हा ठरलं — स्टिरिओ बसला की निघायचं.

राहतो इथल्या महानगर नावाच्या मोहल्ल्यात, लीलावती मावशींच्या गच्चीवरच्या खोलीत. नात्यातल्या नाहीत. इथल्या एका संस्थेत वनस्पतींवर संशोधन करायच्या, आता रिटायर. मूळच्या सातारच्या. मराठी मुलगा मिळाला म्हणून खोली दिली. एकट्या असतात. एक मुलगी, अनघा, पुण्यात. मावशी बोलतात. सकाळी गेटचं कुलूप काढल्यापासून बोलतात, समोरच्याला तोंड उघडायला फट ठेवत नाहीत. मराठी मंडळातले लोक म्हणतात, लीलाताईंचा फोन आला तर मोबाइल टेबलावर ठेवून आंघोळ करून यावं, आल्यावर "हो ना" म्हणावं.

१० डिसेंबर, बुधवार

जुना स्टिरिओ काढला. यूट्यूबवरचा माणूस म्हणतो दहा मिनिटं. मला सकाळ गेली. डॅशबोर्डची पट्टी नुसत्या क्लिपांवर असते, हलकेच ओढायची. तीन क्लिपा हलकेच ओढताना तुटल्या. मागच्या पोकळीत आंब्याची एक वाळलेली कोय सापडली. तिथं कशी गेली असेल यावर अर्धा तास विचार केला. मग ती मावशींना दाखवायला गेलो, तर त्यांनी कोयीवरून कलमं, कलमांवरून त्यांचे जुने साहेब, साहेबांवरून दिल्लीचं एक सेमिनार असं जेवणापर्यंत ऐकवलं.

दुपारी नानांचा फोन. नाना म्हणजे माझे वडील, बार्शीला मोटार रिवायंडिंगचं दुकान आहे. उचलला नाही.

आठ दिवसांत येतो म्हणून निघालो त्याला चौदा महिने झाले. आधी उचलायचो. मग "रेंज नाही, नंतर करतो." मग नुसता वाजू द्यायला लागलो. भांडण नाही आमचं. भांडण असतं तर मिटवता तरी आलं असतं. सांगण्यासारखं काही नसतं, एवढंच. आयटीआय सोडलं, पुढं? पुढं हे.

११ डिसेंबर

वायरींचे रंग जुळत नाहीत. कापून जोडल्या. बघू.

१३ डिसेंबर, शनिवार

जोडलेलं काहीच वाजेना. शेवटी अलीगंजला रिझवानभाईंच्या दुकानी नेली. गाड्यांचे स्पीकर लावण्यात वीस वर्षं घातलेला माणूस, कायम मफलर, बोलणं एकदम तहजीबवालं. डोकं आत घालून एकेक वायर ओढून बघितली. मग म्हणाले, "ये तार किसने काटे हैं, जनाब?"

"हमने."

"चूहा काटता तो भी सीधा काटता."

मधे लावायचा जोड रेडीमेड मिळतो म्हणे, जुनी वायर कापावीच लागत नाही. हे यूट्यूबवाला पुढच्या भागात सांगतो. मी पुढचा भाग बघितला नव्हता. नाना असते तर काही बोललेच नसते. चष्मा कपाळावर सरकवून नुसतं बघितलं असतं. ते जास्त लागतं.

रिझवानभाईंनी दारातले जुने स्पीकर काढून हातात दिले. कागद फाटून पापडाचे तुकडे झालेले. नवे बसवले, दाराच्या पत्र्याला आतून काळी जाड शीट चिकटवली. आता दार लावलं की धप्प असा श्रीमंत आवाज येतो. सीटखाली छोटा ॲम्प्लिफायर मी स्वतः बसवणार म्हणालो. ते हसले. "शौक से."

१५ डिसेंबर

वाजतंय! ॲम्प्लिफायर बसवला. पण इंजिन सुरू केलं की गाण्यामागं बारीक कुईं. ॲक्सिलरेटर दाबला की ती शिट्टी वर चढते, सोडला की उतरते. जशी काही गाडीत एक माशी आहे आणि तिलाही मुनस्यारीला यायचंय.

१६ डिसेंबर, मंगळवार

आज काहीतरी झालं, नीट लिहून ठेवतो.

मावशींना बीपीच्या गोळ्या आणायला जवळच्या कपूरथळा चौकात जायचं होतं. म्हटलं गाडीतून चला. शिट्टी नेमकी कुठून येते ते शोधायला मी नव्या स्टिरिओवरचे सगळे बारीक आवाज शेवटपर्यंत वर नेऊन ठेवले होते, जाड आवाज खाली. माझ्या कानाला टोचत होतं. मावशी बसल्या, पट्टा लावता लावता बोलणं सुरू — सामनेवाल्यांची मोलकरीण, मटारचा भाव, अनघा लहानपणी मटार सोलता सोलता अर्धे खायची. रेडिओवर कोणीतरी शेतकऱ्यांना सांगत होता, बटाट्याला पाल्यापासून, म्हणजे इथल्या गोठणाऱ्या दवापासून, कसं वाचवायचं.

आणि मावशी थांबल्या. वाक्य अर्धंच राहिलं.

मी घाबरून बघितलं, बरं वाटत नाही की काय. त्या डॅशबोर्डकडं बघत होत्या, मान थोडी पुढं. मी आवाज कमी करायला हात नेला तर त्यांनी माझं मनगट धरलं. औषधाच्या दुकानापर्यंत एक शब्द नाही. दुकानासमोर गाडी लावली तरी उतरेनात. पाल्याचा कार्यक्रम संपला तेव्हा म्हणाल्या, "पाणी संध्याकाळी द्यायला हवं. चूक सांगतोय."

मग उतरल्या.

येताना पुन्हा तसंच. तीन महिन्यांत पहिल्यांदा मला मावशींच्या शेजारी बसून बाहेरचं काही दिसलं.

१७ डिसेंबर

डोक्यातून जाईना म्हणून आज लक्ष ठेवलं. मावशी कुकर लावतात आणि त्याच्यासमोर स्टूल घेऊन बसतात. मला वाटायचं सवय. आज बघितलं — त्या शिट्ट्या डोळ्यांनी मोजतात. वाफ उडाली की एक बोट मिटतात. दाराची बेल वाजते तेव्हा उठत नाहीत, मला वाटायचं मला उठवायचं असतं.

आणि बोलणं. आपण बोलत राहिलं की ऐकावं लागत नाही.

मला हे आधी का नाही कळलं? मी काय करत होतो, आंघोळ?

विचारायचं का? नको. त्यांना सांगायचं असतं तर एवढं बोलतात त्यात कुठंतरी आलं असतं.

१९ डिसेंबर, शुक्रवार

दुपारी मावशी मटारची पिशवी आणि ताट घेऊन खाली. "गाडीत ऊन छान येतं. किल्ली दे." गेटच्या आत उभ्या गाडीत, डाव्या सीटवर बसून दोन तास मटार सोलले. रेडिओ चालू. काचा बंद.

मी वर खोलीत पडून गाडी घाटात कशी चालवायची याचे व्हिडिओ बघत होतो. आवाजच येईना. खालून मावशींची हाक, "संग्राम, हा कोण माणूस मला क्लच दाबायला सांगतोय?" माझी खिडकी बरोबर गेटवर आहे, खाली स्टिरिओ चालू झाला की माझा फोन आपोआप त्याला जाऊन चिकटतो. हसून हसून पोट दुखलं. त्यासुद्धा हसल्या.

२२ डिसेंबर, सोमवार

बॅटरी झोपली. रोज दोन तास रेडिओ! सामनेवाले शुक्लाजी, त्यांचा ड्रायव्हर आणि मी, तिघांनी गाडी ढकलली, तरी सुरू होईना. मावशी स्टिअरिंगवर. शुक्लाजी म्हणाले, "मैडम, टीवी ले लीजिए, सस्ता पड़ेगा." मावशी काच वर करून हसऱ्या चेहऱ्यानं मान हलवत राहिल्या. आता मला ओळखू येतं, हे हसू न ऐकू आल्याचं आहे.

शेवटी बॅटरी काढून रिझवानभाईंकडं चार्जिंगला नेली. "बैटरी भी बुज़ुर्ग है, भाई. इन्हें भी दोपहर में आराम दीजिए." मग त्यांनीच एक साधा चार्जर दिला, घरातून वायर टाकून लावून ठेवायचा. बाहेर निघालो तर कोपऱ्यावर पेरूवाला, पेरूवाल्याशेजारी पतंगवाला. संध्याकाळी घरी. बॅटरी दुकानातच विसरलो. परत गेलो.

२४ डिसेंबर, बुधवार

मावशी चहा घेऊन गच्चीवर आल्या. जिना चढून! म्हणाल्या, "त्या गाडीतून फोन लावता येतो ना?"

येतो म्हटलं.

"घरात हल्ली रेंजच नसते. अनघाचं नीट ऐकू येत नाही."

घरात चारही कांड्या असतात. मी म्हणालो, "हो मावशी, घरात रेंज नाहीच. गाडीत चांगली येते."

त्यांनी माझ्याकडं बघितलं, मी कपाकडं बघितलं. संपलं. मग खाली जाऊन त्यांचा फोन स्टिरिओला जोडून दिला, पडद्यावर हिरवं बटण कुठं ते दाखवलं आणि बाहेर येऊन गेटला तेल घालत बसलो. तेल घालायची काही गरज नव्हती. काचेतून दिसत होत्या. आधी त्याच बोलत होत्या, हातवारे करून. मग थांबल्या. मग खूप वेळ नुसत्या ऐकत होत्या. एकदा पदर तोंडाला लावला. मी गेटचं दुसरं बिजागर घेतलं.

२५ डिसेंबर

मावशींनी आज स्वतः सांगितलं. मटार सोलत, माझ्याकडं न बघता. गाडीतच, काचा बंद करून.

दोन वर्षांपूर्वी अनघानं फोन करून सांगितलं होतं की ती नवऱ्यापासून वेगळी होतेय. सगळं सांगितलं, पाऊण तास. मावशींना त्यातलं काही ऐकू आलं नाही. सूर तेवढा कळत होता, मुलगी भरभरून काहीतरी सांगतेय. पुन्हा सांग म्हणायची लाज वाटली. मग मधे मधे म्हणत राहिल्या — छान, छान. बरं झालं. जेवलीस का?

नंतर महिन्याभरानं मंडळातल्या एका बाईंकडून कळलं. तेव्हा काय म्हणणार? ऐकूच आलं नव्हतं म्हणायचं, तर मग इतकी वर्षं काय चाललं होतं तेही सांगावं लागणार. त्यापेक्षा मुलीनं निष्ठुर समजावं, असं त्यांनी ठरवलं. दिवाळीला एक फोन, वाढदिवसाला एक. प्रत्येक फोनात मावशीच बोलायच्या.

"काल सांगितलंत?" मी विचारलं.

"सांगितलं. तिचा विश्वास बसेना. म्हणाली, आई, तू आत्ता सगळं ऐकतेयस? म्हटलं, श्वाससुद्धा ऐकू येतोय तुझा. सर्दी झालीय तुला."

ताटात मटारापेक्षा साली जास्त झाल्या होत्या, मीच खात होतो.

२८ डिसेंबर

संक्रांत झाली की निघायचं. १५ जानेवारी. ठरलं. शिट्टी तशीच आहे. तीन ठिकाणी वायर फिरवून बघितली.

३० डिसेंबर, मंगळवार

फोनमध्ये एक चमत्कारिक गोष्ट दिसली. काल दुपारी नानांचा कॉल — आलेला, उचललेला, एकतीस मिनिटं. मी काल दुपारी मक्खन-मलाई ही थंडीतली मिठाई शोधत जुन्या शहरातल्या चौक बाजारात फिरत होतो (दुपारी मिळत नाही, सकाळीच संपते, हे मला कोणी सांगितलं नाही), फोन खोलीत चार्जिंगला. आपोआप उचलला गेला की काय? म्हणजे नाना अर्धा तास हॅलो हॅलो करत बसले असणार. रिकाम्या खोलीशी. लावावा म्हणून नाव काढलं, त्याच्यावर अंगठा ठेवला. मग मुनस्यारीत बर्फ किती ते बघत बसलो.

१ जानेवारी २०२६, गुरुवार

धुकं. शुक्लाजींचं गेट दिसत नाही.

मावशी म्हणाल्या, "तुझी ती शिट्टी, मला काही ती ऐकू येत नाही, पण ॲम्प्लिफायरची अर्थिंगची वायर कुठं कसलीयस?"

"सीटच्या बोल्टला."

"बोल्टखाली रंग असतो. रंगावर अर्थ बसत नाही. पॉलिश पेपरनं घासून पत्रा चकचकीत कर, मग कस. आणि जोडाला नुसती टेप नको."

घासला. कसला. इंजिन सुरू केलं — गेली! पूर्ण गेली! ॲक्सिलरेटर कितीही दाबा, नुसतं गाणं. माशी उतरली.

वनस्पतीवाल्यांना अर्थिंग कसं कळतं, विचारणार होतो. तेवढ्यात गच्चीवर एक कटलेला पतंग येऊन पडला, लालभडक, चांगला मोठा.

४ जानेवारी, रविवार

रिझवानभाईंना ऐकवायला नेली. डोळे मिटून एक अख्खं गाणं ऐकलं त्यांनी. "साफ़ है. बहुत साफ़ है. मगर इतना तीखा? किसके कानों के लिए बनाया है?"

त्यांनी माझ्याकडं बघितलं, मग डाव्या सीटकडं. तिथं मटाराची एक साल पडली होती. मग स्टिरिओमध्ये दोन सेटिंगं साठवायची कशी ते दाखवलं. एकवर मावशी, दोनवर मी. एकवरचं आणखी पंधरा मिनिटं बसून त्यांनी स्वतः सुधारलं, आवाज सगळा डाव्या सीटवर येईल असं. "अम्मी का भी यही हाल था," एवढंच म्हणाले.

९ जानेवारी, शुक्रवार

आज मावशींना कानाच्या डॉक्टरकडं नेऊन आणलं. अनघा रोज फोनवर मागं लागली होती. जाताना माझ्यासमोर पहिल्यांदा तो शब्द काढला, "कान." दोन आठवड्यांनी मशीन मिळेल. म्हणाल्या, "तोपर्यंत थांबशील? का तुझं मुनस्यारी पळून जातंय?"

थांबतो म्हटलं. गाडी आहे तोवर तर त्यांना रेंज आहे.

मग सिग्नलला म्हणाल्या, "आणि तुझ्याकडं कधी येणार रे रेंज?"

सिग्नल सुटला. मी गाडी पुढं काढली. त्यांनी रेडिओ लावला. एकवर.

१२ जानेवारी, सोमवार

मावशींनी तिळगूळ केला. संक्रांतीला अनघा येणार आहे, तरी तिघांच्या मानानं फारच केला. नानांना उद्या फोन लावायचा. उद्या नक्की.

१३ जानेवारी, मंगळवार

खाली रिक्षा थांबली. मला वाटलं अनघा आली. खिडकीतून बघितलं तर मफलर, कापडी पिशवी, कपाळावर चष्मा — नाना! धुक्यानं रेल्वे नऊ तास लेट.

मला म्हणाले, "बारीक झालास." मग म्हणाले, "फोन तू नाही उचललास, त्यांनी उचलला, त्या गाडीतून. अर्धा तास मीच बोलत होतो रे. बाईंनी मधे एक शब्द काढला नाही. नुसतं ऐकून घेतलं. शेवटी तेवढी तुझी शिट्टी सांगितली आणि संक्रांतीला या म्हणाल्या."

आता डॅशबोर्डखाली उताणे पडलेत, पाय बाहेर. टेपचे जोड उकलतायत. "संग्राम," म्हणतायत, "पकड आण."